श्रद्धेचा वारसा



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनीच मला मुळाक्षरे शिकविली. मुक्तिपूर्व काळात पेडण्यातील आमची मराठी शाळा देवळाच्या अग्रशाळेत भरे. तेथे धडा आणि आरती यांच्यामध्ये भिंत नव्हती. तरीही वर्गातील एकमेव ख्रिस्ती मुलाला गुरुजींनी कधी हात जोडावयास लाविले नाही. ‘त्याची प्रार्थना त्याच्या घरी होते,’ एवढेच ते म्हणत.

या वाक्याचे मोल मला इतिहास वाचल्यावर कळले. 1559च्या राजाज्ञेने गोव्यातील अनाथ हिंदू मुले ख्रिस्ती करण्यासाठी पाद्र्यांच्या हवाली करण्याची तरतूद झाली. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशन आले. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला नदी ओलांडून डिचोलीतील नार्व्यास यावे लागले. डिचोली 1781मध्ये व पेडणे 1788मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले, तेव्हा त्या कडवेपणाला ओहोटी लागली होती. म्हणून आमची दैवते जागच्या जागी राहिली.

हुकमाने धर्म बदलता येतो, परंतु श्रद्धा रुजविण्यास घरची भाषाच लागते. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचिले आणि ते 1616मध्ये छापले गेले, यातच सारे आले.

मुक्तीनंतर आपल्याला लागू झालेल्या संविधानाचा 28वा अनुच्छेद गुरुजींचेच म्हणणे कायद्याच्या भाषेत सांगतो. संपूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला उपासनेस बसविता येत नाही.

पण पालकाने मुलावर सक्ती केली तर? तो अपराध माझा आहे. परवचा म्हटल्यावाचून मी मुलाला जेवावयास बसू देत नसे. प्राध्यापकाची छडी मी देवघरात नेली. त्याने परवचा पाठ केला; पण घर सोडताच देवापुढे दिवा लावणेही सोडिले. माझी आई निरक्षर होती. तिने कोणालाही काही म्हणावयास लाविले नाही. ती तिन्हीसांजेला तुळशीपुढे पणती ठेवी आणि दारी आलेल्याला उपाशी जाऊ देत नसे. आज माझा मुलगा देव मानीत नाही; परंतु त्याच्या दारातून कोणी विन्मुख जात नाही. हा वारसा त्याने आजीकडून घेतला, माझ्याकडून नव्हे.

म्हणून शाळेने संतवाङ्मयही शिकवावे, ख्रिस्तपुराणही शिकवावे. मुलांना एकमेकांच्या सणांची ओळख करून द्यावी. श्रद्धेची परीक्षा मात्र घेऊ नये. आणि आपण घरी पणती लावावी, मुलाने ती पाहावी एवढ्यासाठीच. पुढे तो लावील न लावील, तो त्याचा अधिकार. गुरुजींनी हा अधिकार एका लहान मुलाला दिला होता.