घरे दोन, हिशेब दोन



प्लांटमधून निवृत्त झालेल्या आपल्यापैकी अनेकांचे एक घर भिलाईत, दुसरे नागपूरकडे. माझेही तसेच. नेहरूनगरच्या वरच्या मजल्याचे भाडे मी विवरणपत्रात दाखवत असे. नागपूरच्या फ्लॅटचे भाडे पत्नीच्या खात्यात जाई, म्हणून सोडून देई. ही दरवर्षी विचारी, "अहो, हे दाखवायला नको का?" मी हसण्यावारी नेई. फ्लॅट माझ्या नावावर. भाडेकरूने घरभाडे भत्त्याची सूट घेताना माझा पॅन दिला आणि 2023 मध्ये मला नोटीस आली. कर व्याजासह भरला.

तेव्हा शिकलो ते सांगतो. भाडे कुणाच्याही खात्यात जावो, उत्पन्न मालकाचे. प्रत्येक घराचा हिशेब वेगळा मांडावा. वर्षाचे भाडे 1,20,000 रुपये आणि आपण भरलेला मालमत्ता कर 6,000 असेल, तर उरले 1,14,000. त्यातून 30 टक्के, म्हणजे 34,200 वजा. दुरुस्तीच्या पावत्या लागत नाहीत. करपात्र राहिले 79,800. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे व्याजही वजा होते.

चोरी करायची नव्हती. पण न विचारणे महागात पडले. आपण विचारायला लाजू नका. घरातले कुणी विचारले, तर ऐकून घ्या!