खारे वारे आणि घरातील वीज
(किनारपट्टीच्या गावातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाचा पाऊस सुरू झाला की चापोऱ्यापासून तळपणपर्यंतच्या खाडीकाठच्या आणि समुद्रकाठच्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात; पंपाच्या नळाला ओला हात लागला की बारीकसा झटका बसतो. घरची माणसे त्यावर स्वतःपुरता उपायही शोधून काढतात. फ्रिजपुढे गोणपाट अंथरले जाते, पायात रबरी चपला येतात आणि ‘ओल आहे, पाऊस संपला की जाईल’ असे म्हणून विषय संपतो. ऑक्टोबरात झिणझिण्या खरोखरच कमी होतात, त्यामुळे हा समज दरवर्षी अधिकच पक्का होत जातो. वास्तविक ती झिणझिणी ही एक सूचना असते. वीज तारेबाहेर आली आहे, तिला जमिनीत जाण्याचा जो मार्ग असायला हवा तो नाही किंवा अपुरा आहे, आणि तो मार्ग तिने हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून शोधला आहे, असा तिचा अर्थ आहे.

डोंगराकडील सत्तरी किंवा सांगे येथील घरातही पाऊस तितकाच, किंबहुना अधिक पडतो. मग किनाऱ्यावरच हा त्रास विशेष का, असा प्रश्न साहजिकच पडेल. याचे उत्तर मिठात आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना उडणारे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, त्यातील पाणी उडून जाते आणि क्षाराचा अतिशय पातळ थर प्रत्येक वस्तूवर बसतो. केवळ कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही. पण मीठ कोरडे राहतच नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ स्वतःच पाझरू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, ते तर याच्या निम्म्याहूनही कमी आर्द्रतेत ओले होते. पेडण्यातील आगरवाड्यासारख्या मिठागरांच्या गावी ही गोष्ट सांगावी लागणार नाही. साठवलेल्या मिठाला पावसाचा थेंब न लागताही ते पाझरते, हे तेथील मूलही जाणते. घरातील विजेच्या बोर्डावर, खटक्यांच्या आत आणि प्लगच्या भोकांत नेमके हेच घडत असते. डोंगराकडील घरात भिंत वाळली की गळती थांबते. किनाऱ्यावरच्या घरात मात्र छप्पर शाबूत असूनही बोर्ड आतून ओला असू शकतो.

पुष्कळ घरांत भिंतीचाही यात वाटा आहे. खाडीची वाळू न धुता गिलाव्यात वापरली असेल तर त्या भिंतीला लोणा लागतो, पांढरा भुगा सुटतो, आणि भिंतीत बसवलेला बोर्डाचा लोखंडी डबा मागून गंजत जातो. बाहेरून झाकण नवे कोरे दिसते. आत स्क्रू झिजलेले असतात, तार सैल झालेली असते. सैल तारेच्या टोकाशी ठिणगी पडते, चरचर असा बारीक आवाज येतो, प्लास्टिक पिवळे पडून जळका वास सुटतो. तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या तारेला नुसती पीळ देऊन जोडली असेल तर खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते आणि तो सांधा तापू लागतो. अशा ठिकाणी दोन धातूंसाठी बनवलेला खास जोड वापरावा, डबे प्लास्टिकचे व स्क्रू पितळेचे असावेत. हा खर्च फार नाही. नवे घर बांधताना रंगावर जो खर्च होतो त्याच्या मानाने तर तो नगण्यच होय.

आता मूळ मुद्दा, म्हणजे अर्थिंग. गोव्यात विद्युत खाते १९६३ साली स्थापन झाले आणि त्यानंतरच्या काळात गावोगाव वीज पोचली. त्या पिढीतील बऱ्याच घरांत दोन दिवे, एक पंखा व रेडिओ एवढ्यासाठी लाकडी पट्टीवरून दोनच तारा फिरवलेल्या होत्या. तिसरी तार नव्हतीच. पुढे त्याच घरात फ्रिज, मिक्सर, पाणी तापवण्याचे यंत्र आणि विहिरीवरचा पंप आला. तिसऱ्या तारेची आठवण मात्र कोणास झाली नाही. काही ठिकाणी तर प्लगची अर्थिंगची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडून ‘तीन पिनांची सोय’ केलेली आढळते. ही जोडणी अत्यंत घातक आहे. न्यूट्रलची तार कुठे तुटली तर फ्रिजचे सारे अंग फेजच्या दाबाखाली येते.

ज्या घरांत अर्थिंग आहे तेथेही ते चालू आहे असे गृहीत धरू नये. परसात पाइप पुरलेला दिसतो, त्याला तार बांधलेली दिसते. घरधन्याचे समाधान होते. पण खाऱ्या जमिनीत जस्त चढवलेला पाइप काही वर्षांतच जमिनीच्या पृष्ठभागाखाली गंजून जातो आणि तारेचा बोल्ट तर त्याहून आधी. खाजनाच्या कडेची ओली खारट माती विजेला सहज वाट देते, परंतु तीच माती पाइप खाते. उलट, चिऱ्याच्या खडकावर किंवा कोरड्या वाळूवर वसलेल्या घरी पाइप शाबूत राहतो, पण जमीनच विजेला वाट देत नाही. खड्ड्यात मीठ व कोळसा भरण्याची जुनी पद्धत आहे. चिऱ्याच्या जमिनीत तिचा उपयोग होतो. जेथे माती आधीच खारी आहे तेथे आणखी मीठ ओतणे म्हणजे पाइपाचे आयुष्य कमी करणे होय. तेथे तांब्याचा जाड मुलामा असलेली सळई टिकाऊ ठरते.

अर्थिंग तपासण्यासाठी काही वायरमन शंभर वॅटचा दिवा फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये लावून दाखवतात. दिवा लागला की अर्थिंग उत्तम, असा निर्वाळा दिला जातो. या परीक्षेवर विसंबणे धोक्याचे आहे. समजा, जमिनीचा विरोध ५० ओहम आहे. शंभर वॅटच्या दिव्याचा स्वतःचा विरोध पाचशे ओहमांहून अधिक असल्यामुळे तो जवळजवळ पूर्ण तेजाने लागेल. पण त्याच घरात पंपाची फेज तार सुटून पंपाच्या अंगाला टेकली, तर २३० व्होल्टला ५० ओहमांनी भागून जेमतेम साडेचार अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. पंपाचा फ्यूज किंवा एम.सी.बी. बहुधा १६ अँपिअरचा असतो. तो पडणार नाही; ५ अँपिअरचा फ्यूजसुद्धा वितळणार नाही. पंप, त्याचा लोखंडी नळ आणि नळाला हात लावणारा माणूस हे सारे विजेच्या दाबाखाली राहतील आणि घरातले दिवे मात्र सुरळीत जळत असतील. अर्थिंगची खरी तपासणी विरोध मोजणाऱ्या यंत्रानेच होते. ते यंत्र परवानाधारक ठेकेदाराजवळ असते आणि पाऊस ओसरल्यानंतर, जमीन कोरडी असताना, मे महिन्याच्या सुमारास मोजणी करणे इष्ट.

केवळ अर्थिंगवर भागत नाही म्हणूनच आर.सी.सी.बी. हे उपकरण लागते. बाजारात त्याला अजून जुन्या सवयीने ई.एल.सी.बी. असेही म्हणतात. घरात फेजमधून जेवढा प्रवाह येतो तेवढाच न्यूट्रलमधून परत गेला पाहिजे, असा त्याचा हिशेब असतो. या हिशेबात ३० मिलिअँपिअरची, म्हणजे एका अँपिअरच्या शंभरांश भागांपैकी तीन भागांची, तूट आली की ते सेकंदाच्या एक तृतीयांश भागाच्या आत वीज तोडते. सुमारे ५० मिलिअँपिअर प्रवाह सेकंदभर छातीतून गेला तरी तो प्राणघातक ठरू शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे १६ अँपिअरचा फ्यूज माणसासाठी नसून तारेसाठी आहे, हे कळून येईल. आर.सी.सी.बी.ला अर्थिंग फार उत्तम असण्याचीही गरज नसते. ५० ओहमांवर फ्यूज हरतो, पण हे उपकरण काम करते. मात्र एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांना हात लागला तर ते वाचवू शकत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. किनाऱ्यावर, पहिल्या सरीबरोबर, हे उपकरण वारंवार पडू लागते. घरात पाहुणे असतात, मासळी फ्रिजमध्ये असते, रात्र झालेली असते. बोलावलेला वायरमन दोन तारा थेट जोडून ते उपकरण वगळतो. वीज येते, सर्वजण आभार मानतात. ज्या दिवशी त्याची सर्वाधिक गरज होती त्याच दिवशी ते काढले गेले, हे कोणाच्या लक्षात येत नाही. उपकरण बिघडले म्हणून पडले असे क्वचितच घडते. बहुधा गळती खरी असते. ती शोधण्याची रीत सोपी आहे. सर्व एम.सी.बी. खाली करून आर.सी.सी.बी. वर करावे आणि एकेक एम.सी.बी. चढवत जावे. ज्याने ते पडेल त्या वाटेवर दोष. त्या वाटेवरील प्लग काढून ठेवून पुन्हा पाहावे. पुष्कळदा अंगणातला दिवा, बलकावातला प्लग किंवा पंप हाच अपराधी निघतो. सर्व एम.सी.बी. खाली असूनही ते पडत असेल तर न्यूट्रलची तार कुठेतरी ओल्या भिंतीला किंवा अर्थिंगला टेकली आहे असे समजावे. साधा एम.सी.बी. न्यूट्रल तोडत नाही. हे काम घरधन्याने न करता वायरमनला सांगावे, परंतु काय सांगायचे ते घरधन्याला ठाऊक असावे.

न्यूट्रलचा आणखी एक प्रकार आहे. खांबावर गंजून तो तुटला तर काही घरांत दिवे मंद होतात आणि शेजारच्या घरांत ते एकाएकी लख्ख होतात. २३० व्होल्टच्या जागी तीनशेच्या वर दाब जाऊन उपकरणे जळतात. असे दिसताच मुख्य खटका बंद करावा आणि १९१२ या क्रमांकावर विद्युत खात्याला कळवावे. मीटरपर्यंतची व्यवस्था खात्याची असते, त्यापुढील घरमालकाची.

खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवर टेकलेली असेल तर वाऱ्यात घासून तिचे आवरण फाटते आणि सारे छप्पर सजीव होते. त्या पत्र्याला वा लोखंडी खांबाला बांधलेली कपडे वाळवण्याची तार ही कोकणच्या किनाऱ्यावरील अपघातांचे एक ठरलेले कारण आहे. कपडे नायलॉनच्या दोरीवर वाळवावे. हा उपाय दहा-वीस रुपयांचा आहे आणि त्याला वायरमनही लागत नाही. रापणीची जाळी वाळवण्यासाठी किनाऱ्यावर उभारलेल्या लोखंडी कांबींवर दिवे टांगण्याची प्रथाही तितकीच घातक.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा माड आणि खांब तारांवर कोसळून अनेक गावे अंधारात राहिली. अशा वेळी पडलेली तार निर्जीव आहे असे कधीही मानू नये. कोणाच्या घरी इन्व्हर्टर वा जनित्र चुकीच्या रीतीने जोडलेले असेल तर वीज उलट्या दिशेने तारेत येऊ शकते. सौर पॅनेलच्या बाबतीत तर घरचा मुख्य खटका बंद केला तरी, ऊन आहे तोवर पॅनेलपासून खाली येणाऱ्या तारांत वीज असतेच. उधाणाचे खारे पाणी ज्या बोर्डात शिरले तो सुकवून पुन्हा वापरू नये. गोड्या पाण्यात भिजलेले खटके कधीकधी वाचतात, परंतु खाऱ्या पाण्याचे मीठ आतच राहते आणि तीन-चार महिन्यांनी आगीचे कारण होते. बोर्ड, एम.सी.बी. व प्लग बदलावे आणि तारांचे आवरण मेगरने तपासून घ्यावे.

कोणास झटका बसला तर आधी वीज तोडावी. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने माणूस दूर करावा, ओल्या हाताने ओढू नये. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे आणि १०८ ला कळवावे.

शिक्षकवर्गासाठी एक सूचना. शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळील पंप आणि मुले जेथे हात धुतात तो नळ, हे बहुधा एकाच लोखंडी नळाने जोडलेले असतात. आर.सी.सी.बी.वर ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. ते दाबले की वीज गेली पाहिजे. खाऱ्या हवेत आतील यंत्रणा अडकून बसते, म्हणून महिन्यातून एकदा ते दाबणे आवश्यक आहे. महिन्याच्या पहिल्या शाळा-दिवशी ते दाबावे, तारीख हजेरीपटाच्या मागील पानावर लिहावी, आणि बटण दाबूनही वीज गेली नाही तर दुरुस्ती होईपर्यंत तो पंप चालवू नये. मुलांनी त्या दिवशी विहिरीचे पाणी दोरी-बादलीने काढलेले बरे.