पडद्यावरची देवी आणि पाठीमागचा ऑपरेटर
(वर्षावासातील रविवारच्या सभेत केलेले भाषण)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी 'सिनेमा' म्हणालो आणि दोघे-तिघे हसले. विहारात सिनेमा कशाला? पण कारण तसंच घडलं. आपल्या रविवारच्या वर्गातल्या सातवीच्या एका मुलीनं मला विचारलं, "काका, 'कोई मिल गया'मध्ये शास्त्रज्ञ कॉम्प्युटरवरून आकाशात ओम् पाठवतो आणि परग्रहावरचं यान येतं. म्हणजे ओममध्ये शक्ती आहे हे सायन्सनं सिद्ध झालं ना?" मी घाईत होतो. म्हणालो, "असले सिनेमे आपण बघायचे नसतात." पोर गप्प बसली. घरी जाताना माझी मलाच लाज वाटली. बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या माणसानं एका प्रश्नाचं तोंड बंद केलं! आजचं भाषण म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला. आमच्याकडं तो नंतर तंबूच्या टॉकीजमध्ये लागला. मी सात-आठ वर्षांचा असेन. बायकांनी चपला बाहेर काढल्या, पडद्यावर चिल्लर उधळली. त्यात आमची आईही होती. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि शुक्रवारी आंबट बंद! तिला मी दोष देत नाही. घरात दुखणं होतं आणि डॉक्टरला पैसे नव्हते. पण त्या रात्रीचं एक मला पक्कं आठवतं. देवी प्रकट होत होती आणि मध्येच रीळ तुटलं. तंबूत अंधार. तेव्हा एकाही माणसानं देवीला हाक मारली नाही. सगळ्यांनी मागं वळून ऑपरेटरच्या नावानं शिट्ट्या मारल्या! देवी कुणाच्या हातात आहे हे त्या क्षणी सर्वांना ठाऊक होतं. रीळ जोडलं, आणि पुन्हा हात जोडले गेले.

ही परंपरा आपल्याकडची जुनीच. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वदेशी कॅमेरा घडवला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आला. (त्याच साली मार्च महिन्यात आपल्या कागल जहागिरीतल्या माणगावात शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मंडपात आले, हेही पोरांना सांगत जा.) 'प्रभात' कंपनी कोल्हापुरातच १९२९ साली उभी राहिली, पुढं पुण्याला गेली आणि १९३६ साली तिच्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबा विमानात बसून वैकुंठाला गेले. त्या कारागिरांच्या हाताला माझा सलाम आहे. पण यंत्र घडवलं माणसानं आणि त्यातून बाहेर पडला चमत्कार, हे विसरू नका.

आता विज्ञानाच्या नावाचे सिनेमे घ्या. १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'त अदृश्य नायक हनुमानाची मूर्ती उचलून गुंडांना बडवतो. गुंड मूर्तीला घाबरतात आणि आपण हसतो, कारण मूर्ती कुणी धरली आहे हे आपल्याला माहीत असतं. २०१४ च्या 'पीके'मध्ये परग्रहावरच्या माणसाचं रिमोट चोरीला जातं आणि एका बाबाच्या दरबारात शंकराच्या डमरूचा मणी म्हणून पुजलं जातं. दिग्दर्शक राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचे. तिथंही ऑपरेटर दिसतो. 'कोई मिल गया' २००३ चा. त्यात मात्र ऑपरेटर झाकून ठेवला आहे. ओम् पाठवलं कशानं? कॉम्प्युटरनं. कॉम्प्युटर बनवला कुणी? माणसानं. आणि मान कुणाला? आमच्या गिरणीत खंडेनवमीला मशिनला हार घालतात. दुसऱ्या दिवशी बेअरिंग गेलं की फिटरलाच हाक मारतात. सिनेमात तेवढं फिटरचं नाव येत नाही. शिवाय कथा लिहिणाऱ्यानं यान आणलं म्हणून ते आलं. कथेत घडलं म्हणजे सिद्ध झालं नव्हे.

खरोखरच आकाशात काय पाठवलं ते ऐका. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात आपली मराठीही आहे. पावसाचा आणि पाखरांचा आवाज आहे. गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. कोल्हापूरचं गाणं ताऱ्यांकडं चाललं आहे! उत्तर अजून आलेलं नाही, आणि शास्त्रज्ञ तसं सरळ सांगतात. मला तर हे सिनेमापेक्षा मोठं वाटतं.

तथागतांपुढंही हा प्रश्न आला होता. दीघनिकायात केवट्ट सुत्त आहे. नालंदेचा केवट्ट नावाचा गृहस्थ म्हणतो, एखाद्या भिक्खूला चमत्कार करून दाखवायला सांगा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. म्हणजे सिनेमावाल्याचाच हिशोब, गर्दी वाढेल! तथागतांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की, श्रद्धा नसलेला माणूस म्हणेल, ही तर गांधारी विद्या आहे. चमत्कारात त्यांना धोका दिसत होता. माणूस शिकवणुकीनं बदलतो, हाच त्यांना पटणारा चमत्कार.

आणि एक आपल्यातलंही बोलतो. 'बुद्धांनी अणू आधीच सांगितला होता' असं आपलीच शिकलेली पोरं हल्ली मोबाईलवर पाठवतात. ओमवाल्यांना हसायचं आणि आपण तेच करायचं, हे मला पटत नाही.

मागच्या रविवारी मी त्या मुलीला बोलावून हे सगळं सांगितलं, आधी माफी मागितली. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काका, आपल्या कॅलेंडरवर बाबासाहेबांच्या डोक्यामागं तेजाचं वलय का काढतात?" मी म्हणालो, "बाळ, छापणाऱ्यालाच विचारू." या आठवड्यात आम्ही दोघं प्रेसवर जाणार आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!