परसदारी फरशी घालायची की माती ठेवायची?

हेडफोन लावलेत ना? आज गप्पा आमच्या परसदाराच्या.

साताऱ्याजवळ आमचं घर आहे. मागे तीसेक चौरस मीटर जागा. आजी होती तोवर तिथं सगळं होतं. मोरीच्या पाण्यावर अळू, कुंपणाला जास्वंद, कोपऱ्यात कढीपत्ता, शेवग्याचं एक झाड, गवती चहा. आजी गेली आणि दोन वर्षांत तिथं नुसतं रान माजलं. गेल्या उन्हाळ्यात घरी गेले तर बाबा म्हणाले, "पेव्हर ब्लॉक टाकून घेतोय. माणूस येऊन माप घेऊन गेलाय."

मी चिडले. आजीची बाग आहे ती, असं बरंच बोलले. बाबा शांतपणे म्हणाले, "बाग ठेवू की. पण तू पुण्यात बसून फोटो टाकणार, आणि झाडू मी मारणार. माझे गुडघे बघितलेस का?"

खरं सांगू? मला उत्तरच सुचलं नाही. कारण त्यांचं बरोबर होतं. चिखल, डास, पालापाचोळा, गवतात साप असण्याची भीती. रोज तिथं वावरणाऱ्याला हे दिसतं, रविवारी येणाऱ्याला फक्त हिरवं दिसतं.

शेवटी एक पावसाळा मागून घेतला. जमलं नाही तर ब्लॉक.

आणि मी काय केलं? नर्सरीत जाऊन १४०० रुपयांची रोपं आणली! महिन्याभरात निम्मी मेली. पाणी कमी पडून नाही हं, जास्त होऊन. मुळांनाही हवा लागते. माती सतत ओलीगच्च राहिली की मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि आपल्याला वाटतं तहानलंय, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. बाबांनीच दाखवलं: बोट मातीत दोन पेरं घालायचं. ओल लागली तर आज पाणी नाही. विषय संपला.

मग रोपं आणणं बंद केलं आणि जे आधीच तग धरून होतं तिकडे वळले. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण होता. जास्त लागलेल्या फांद्या छाटल्या. बाकीवर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, असं संध्याकाळी फवारलं. उन्हात फवारू नका, पानं करपतात. एकदा करून भागत नाही, आठवड्याने परत करावं लागतं.

पालापाचोळ्याचं काय केलं? जुन्या ड्रमला भोकं पाडली. किचनमधला ओला कचरा एक भाग, वाळलेली पानं दोन भाग. वास आला की समजायचं, ओलं जास्त झालंय, आणखी पानं टाका. दोन-तीन महिन्यांत खत. बाबांची झाडायची कटकट होती, तोच आमचा कच्चा माल झाला.

डासांचं म्हणाल तर डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, फुटके मग, टायर. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून दर रविवारी सगळं पालथं करायचं. हे काम माझं. पुण्याहून येऊन.

आता ब्लॉकचा मुद्दा. एक साधं गणित बघा: एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका संध्याकाळी २० मिमी पडला, तर आमच्या तीस चौरस मीटरवर ६०० लिटर. माती असेल तर त्यातलं बरंचसं मुरतं. सिमेंटवर घट्ट ब्लॉक बसवले तर बहुतेक सगळं वाहून गटारात, नाहीतर आपल्याच भिंतीशी.

हे गणित बाबांना पटलं. त्यांचे गुडघे मला पटले. म्हणून मोरीपासून कपडे वाळत घालायच्या तारेपर्यंत दोन फुटी वाट केली. फरश्या, खाली वाळू, मध्ये फटी. बाकी सगळी माती.

बियांबद्दल एक सांगते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत असतील, बीजमाता म्हणतात त्यांना. गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० ची पद्मश्री. त्यांचं बघून मी शेजारच्या काकूंकडून गावरान भेंडीचं आणि दुधीचं बी मागून आणलं. पहिली चांगली भेंडी तोडली नाही, झाडावरच वाळू दिली. पुढच्या वर्षीचं बी तेच. हायब्रीडचं बी असं धरलं तर पुढचं झाड तसंच येईल याची खात्री नसते.

सप्टेंबरमध्ये बाबांचा फोन आला. मला वाटलं ब्लॉकवाल्याचा विषय. तर म्हणाले, "दुधी तारेवर चढलाय. कपडे कुठं वाळत घालू?"

तारेची जागा बदलली. वेल तसाच आहे.

तर मंडळी, या रविवारी नवीन रोप आणू नका. घरात जे आहे त्याच्या मातीत बोट घालून बघा. आणि घरी रोज झाडू कोण मारतं, तेही विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!