रकाना तोडणारा स्वल्पविराम



नागपूरच्या जरीपटक्यातलं एखादं कापड दुकान डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाइकांची यादी संगणकात आहे : नाव, पत्ता, फोन, बाकी. ही यादी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची, तर बहुधा सीएसव्ही फाइल करतात. साधा मजकूर, एका ओळीत एक गिऱ्हाईक, दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम. इतकं सोपं, की वाटतं चार ओळींचा प्रोग्राम आपणच लिहावा : स्वल्पविराम दिसला की तोड.

आता पत्ता बघा. मेन रोड, जरीपटका, नागपूर ४४००१४. यात दोन स्वल्पविराम. बाकी १,२५,०००, तिथे आणखी दोन. चार रकान्यांचे झाले आठ, आणि फोनच्या जागी जरीपटका जाऊन बसला!

यावर तोड जुनीच आहे. असा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा. आत अवतरणचिन्ह आलंच, तर ते दोनदा लिहायचं. २००५ साली आरएफसी ४१८० या टिपणात ही रीत नोंदली गेली, पण ते टिपण माहितीपुरतं, बंधनकारक नाही. त्यामुळे कुणी अर्धविराम वापरतो, कुणी टॅब, तर कुणाच्या पत्त्यात मधेच नवी ओळ सुरू होते. हे सगळं सांभाळणारा तयार कोड, म्हणजे लायब्ररी, घेतलेली बरी.

कोणती घ्यावी? पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत सीएसव्हीचं मॉड्यूल २००३ पासून आयतंच मिळतं. दुकानाला, सोसायटीला ते पुरतं. त्याचा मोठा गुण हा, की ते आगाऊपणा करत नाही. जे लिहिलंय ते मजकूर म्हणून हातात देतं. पांडाज ही लायब्ररी बेरजा आणि गटवारीला उत्तम, पण ती स्वतःच आकडे ओळखू जाते. नागपूरचा एसटीडी कोड ०७१२ वेगळ्या रकान्यात असला, तर शून्य गळून ७१२ उरतो. हा रकाना मजकूर आहे, असं तिला आधी बजावावं लागतं.

नावं देवनागरीत असतील, तर फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच ठेवा. ती एक्सेलमध्ये थेट उघडायची असेल, तर सुरुवातीला बीओएम ही खूणही लागते. नाहीतर नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसू शकतात. जरीपटका ही सिंधी बांधवांची मोठी वस्ती. सिंधी देवनागरीत लिहितात तशी अरबी वळणाच्या लिपीतही. गंमत म्हणजे त्या लिपीतला स्वल्पविराम संगणकाच्या लेखी वेगळंच अक्षर, त्यामुळे त्याने रकाना तुटत नाही.

वेगाचे तक्ते पाहून लायब्ररी निवडू नका. काही हजार ओळींना कुठलीही चालते. आपल्याच यादीतल्या सगळ्यात वाकड्या ओळी घ्या, वाचा, नव्या फाइलमध्ये लिहा, पुन्हा वाचा आणि रकान्याला रकाना ताडून पाहा. फरक पडला आणि सेटिंग बदलूनही गेला नाही, तर ती लायब्ररी कितीही गाजलेली असो, खुशाल सोडून द्या.