ट्रॉलीलाही नंबर असतो



आमच्या भागात दसरा झाला, की कारखान्याच्या भोंग्याकडे कान लागतात. मी वाळवा तालुक्यातला ऊस उत्पादक. गेली २२ वर्षं दारात ट्रॅक्टर आहे. हंगाम तोंडावर आला, की ट्रॅक्टरचं ऑइल बदलतो, डिझेलचा फिल्टर बघतो, टायरची हवा बघतो. ट्रॉलीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. ती पावसाळाभर वस्तीवर कडब्याच्या गंजीशेजारी उभी असते. तिच्याखाली कोंबड्या बसतात, फाळक्यावर गोधड्या वाळत पडतात. कारखाना सुरू झाला, की हुकाला अडकवायची, खिट्टी घालायची आणि निघायचं. आज मला बोलायचं आहे ते या ट्रॉलीबद्दल.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. १ जुलै १९८९ पासून तो देशभर लागू झाला. मोटार वाहन कशाला म्हणायचं हे त्या कायद्यात सुरुवातीलाच सांगितलं आहे आणि त्या व्याख्येत ट्रेलर, म्हणजे आपली ट्रॉली, नाव घेऊन बसवली आहे. जिला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, ती ट्रॉलीसुद्धा कायद्याच्या दृष्टीनं स्वतंत्र मोटार वाहन आहे. आपण तिला ट्रॅक्टरचं शेपूट समजतो. पासिंग, पाटी, विमा, मागचे दिवे या सगळ्या बाबतीत आपली जी हयगय होते, तिचं मूळ मला या एका समजुतीत दिसतं.

मला हे कळलं ते फार उशिरा, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या पोरानं मोजली. आमची पहिली ट्रॉली गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून बांधून घेतली होती. चॅनेल भक्कम, पाटे जाड, पण कागद एकही नाही. पासिंग करायचं असतं हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. एका रात्री कारखान्यावर खेप उतरवून रिकामी ट्रॉली घेऊन माझा धाकटा भाऊ परत येत होता. फाट्याच्या अलीकडे मागून मोटरसायकल येऊन धडकली. मुलगा २४ वर्षांचा. जिवावरचं पायावर निभावलं, पण आजही तो लंगडत चालतो. त्या रात्री मी बॅटरी घेऊन ट्रॉलीच्या मागं उभा राहिलो. टेल लाईटची वायर तुटून लोंबत होती. एकच रिफ्लेक्टर शिल्लक होता, त्याच्यावर बोटभर चिखल वाळलेला. अंधारात उभं राहून बघितलं, तर माझीच ट्रॉली मला दहा पावलांवरून दिसत नव्हती.

विमा होता, पण ट्रॅक्टरचा. पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेखच नव्हता. आम्ही धरून चाललो होतो, की पुढच्याचा विमा म्हणजे मागच्याचाही. दोन वर्षं न्यायाधिकरणात तारखा झाल्या आणि शेवटी भरपाईसाठी विहिरीजवळचा १२ गुंठ्यांचा तुकडा विकावा लागला. जमीन गेल्याचं दुःख आहेच. त्याहून जास्त वाईट वाटतं ते याचं, की ५० रुपयांचा रिफ्लेक्टर फडक्यानं पुसायला आम्हाला वेळ झाला नाही.

म्हणून कागदांचं आधी सांगतो. नोंदणी नसलेलं मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कुठंही चालवता येणार नाही, असं कायद्याचं ३९ वं कलम सांगतं. 'किंवा अन्य कुठंही' हे शब्द ध्यानात ठेवा. 'मी फक्त रानातच चालवतो' या उत्तराला त्यामुळं फारसा आधार उरत नाही. शिवाय एका रानातून दुसऱ्या रानात जाताना मधला रस्ता ओलांडावाच लागतो. नव्या ट्रॅक्टरची नोंदणी बहुतेक विक्रेताच करून देतो. अडतं ते ट्रॉलीपाशी. जिचा आराखडा मान्यताप्राप्त संस्थेनं तपासलेला आहे अशीच ट्रॉली आरटीओ पास करतं. अशा तपासणी संस्था आपल्या जवळच आहेत. पुण्यात एआरएआय आहे, भोसरीला सीआयआरटी आहे. तेव्हा नवी ट्रॉली बांधून घेताना लोखंडाच्या भावाआधी हे विचारा, की तुमच्या आराखड्याला मान्यता आहे का आणि विक्रीचा दाखला देणार का. नाही म्हणाला तर दोन पैसे स्वस्त मिळाली तरी ती ट्रॉली घेऊ नका.

शेतीचा ट्रॅक्टर हे नियमांनुसार बिगर-परिवहन वाहन आहे. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं ५-५ वर्षांनी नूतनीकरण. आपल्याकडे २००५-०६ साली घेतलेले कितीतरी ट्रॅक्टर आजही उत्तम चालतात, पण त्यांचं आरसी बुक कपाटात कधीच मुदतबाह्य झालेलं असतं. आज घरी गेल्यावर ते एकदा उघडून तारीख बघा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या वाहनांनाही उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवायची आहे. ट्रॅक्टरसाठी तिचा दर दुचाकीइतकाच आहे, ४५० रुपये आणि वर जीएसटी.

आता पाटी कुठं लावायची ते. ट्रॉलीचा स्वतःचा नंबर ट्रॉलीच्या बाजूवर असतो. ट्रॉली जोडली की ट्रॅक्टरची मागची पाटी झाकली जाते, म्हणून ट्रॅक्टरचा नंबर ट्रॉलीच्या पाठीवर लिहावा लागतो. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीच्या पाठीवर. हे ६१ व्या कलमात आहे. त्या जागेवर आपण मुलांची नावं लिहितो, देवाचं नाव लिहितो, कारखान्याचा कोड नंबर लिहितो. ती नावं जरूर असू देत, माझ्याही ट्रॉलीवर आईचं नाव आहे. पण रात्री ठोकर बसून रस्त्यावर पडलेल्या माणसाला निघून गेलेल्या गाडीची फक्त पाठ दिसलेली असते. त्याच्या घरच्यांच्या हाती लागणारा एकमेव धागा तो नंबर असतो.

परवान्याबद्दल लोकांच्या मनात फार गोंधळ आहे, तो थोडक्यात सोडवतो. रिकामं वजन ७,५०० किलोपर्यंत असलेला ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनात मोडतो, म्हणजे चारचाकीचा एलएमव्ही परवाना त्याला चालतो. ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचालकाचा परवाना निकामी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ सालीच सांगितलं आहे. हलक्या वाहनाच्या परवान्याचा मोठा वाद २०१७ च्या निकालानंतर पुन्हा उपस्थित झाला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं तो चालकांच्या बाजूनं मिटवला. वय मात्र १८ पूर्ण हवं. आपल्याकडे दहावीतला पोरगा ट्रॅक्टर चालवतो याचं घरात कौतुक असतं. त्याच्या हातून रस्त्यावर काही घडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. पोराला रानात औत कसं धरायचं ते शिकवा. डांबरी रस्त्यावर त्याला पाठवू नका.

आता विमा. परवान्याच्या बाबतीत ट्रॉली आड येत नाही, विम्याच्या बाबतीत ती पक्की आड येते. विटांच्या भट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरचा एक मजूर जखमी झाला, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. विमा ट्रॅक्टरचा होता, ट्रॉलीचा नव्हता. २००७ च्या त्या निकालात विमा कंपनीची जबाबदारी नाही असंच ठरलं. मजुराची दशा बघून न्यायालयानं आपला विशेष अधिकार वापरला, कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत असा आदेश दिला. म्हणजे भार शेवटी मालकावरच आला. तेव्हा पॉलिसी हातात घ्या आणि तिच्यावर ट्रॉलीचा नंबर लिहिलेला आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नसेल तर तो घालून घ्या. जे कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करतात, त्यांनी विमा कंपनीला ते आधी लेखी कळवावं. भाड्यानं वाळू, विटा, मुरूम वाहायला लागलो की तो शेतीचा वापर राहत नाही. नोंदणी, कर, विमा, सगळ्याचाच प्रकार बदलतो.

आणि ट्रॉलीतली माणसं. ट्रॅक्टरला सीट एकच असते, चालकाची. मडगार्डवर बसलेला भाऊबंद, ट्रॉलीतले वऱ्हाडी, जोतिबाच्या यात्रेला निघालेली माणसं, खुरपणीला चाललेल्या बाया, यांच्यासाठी त्या वाहनात जागाच नाही आणि साध्या पॉलिसीत त्यांचा विमाही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात मजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. ७ जणी गेल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या, रोजंदारीवर कामाला निघालेल्या. 'दुसरं वाहन मिळत नाही' ही अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण ज्यानं मजूर बोलावलेत त्यानं त्यांना आणण्यासाठी बसायची गाडी ठरवली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. मजुरीबरोबर हा खर्चसुद्धा धरायला हवा.

रस्त्यावर गेल्यावरचं थोडं बोलतो. ट्रॅक्टरला उजव्या चाकाचा आणि डाव्या चाकाचा ब्रेक वेगळा असतो. बांधाच्या कडेला वळवताना एकच ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो, त्यासाठी ती सोय आहे. दोन्ही पेडलांना जोडणारा एक छोटा लोखंडी खटका असतो. रानातून वर येऊन डांबरीला लागण्याआधी तो खटका अडकवलाच पाहिजे. तो सुटा असताना वेगात पाय एकाच पेडलवर पडला, तर मागं १० टनांची ट्रॉली असलेला ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि उलटतो. कितीतरी ट्रॅक्टरांवर हा खटका गंजून एका बाजूला पडलेला मी बघतो. चार थेंब ऑइल सोडलं की तो मोकळा होतो. तसंच, रात्रीच्या नांगरटीसाठी मागं लावलेला पांढरा दिवा रस्त्यावर बंद करा. मागून येणाऱ्याला वाटतं, समोरून गाडी येते आहे.

वेगाचा हिशेब सांगतो. उसानं भरलेला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरनं चाललाय आणि मागून मोटार ८० नं येतेय. दोघांतलं अंतर दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटरनं कमी होतं. दिवे खाली केलेले असतील तर मोटारवाल्याला ५० मीटरवरचं दिसतं. म्हणजे त्याच्या हातात ३ सेकंद आहेत. त्यातला एक सेकंद 'हे काय आहे' हे कळण्यातच जातो. उसाच्या मोळ्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या असतात, वाढे खाली लोंबत असतात, त्याखाली टेल लाईट आणि रिफ्लेक्टर दोन्ही झाकून जातात. म्हणून लाल चकाकत्या पट्ट्या फाळक्यावर तर लावाच, पण एक पत्र्याची पाटी पट्ट्या लावून मोळ्यांच्याही मागं, सगळ्यात शेवटी दोरीनं बांधा. आमच्याकडे जुन्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ती केली आहे.

आणखी एक गोष्ट, तिला कुठल्या कलमाची गरज नाही. ट्रॉली पंक्चर झाली की आपण चाकाला आणि मागं रस्त्यावर मोठमोठे दगड लावतो. चाक बदललं की ट्रॉली जाते आणि दगड तिथंच राहतात. तासाभरानं दुधाचे कॅन घेऊन पहाटे निघालेला मोटरसायकलवाला त्या दगडावर जातो. निघताना दगड उचला. सीटखाली एक चकाकता त्रिकोण आणि लाकडाचे दोन ठोकळे ठेवले तर दगड शोधत फिरावंही लागत नाही.

पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर ट्रॅक्टरला बंदी आहे, हे बहुतेकांना माहीत आहे. पण समृद्धीच्या कडेला ज्यांची रानं दोन भागांत विभागली गेली, ते लांबचा फेरा चुकवायला कुंपणाच्या फटीतून ट्रॅक्टर घालतात असं ऐकतो. १२० च्या वेगानं गाड्या धावतात त्या रस्त्यावर ट्रॅक्टर नेणं म्हणजे काय, हे त्यांनी एकदा पुलावर उभं राहून बघावं. खालून बोगदे ठेवले आहेत, तिथून जा. वेळ लागेल, लागू दे.

आमच्या घरी आता दोन ट्रॉल्या आहेत. दोन्ही पास केलेल्या, दोन्हींचे नंबर पॉलिसीवर. हुकाजवळ सुतळीला एक फडकं बांधलेलं असतं. रानातून ट्रॅक्टर वर आला की भाऊ खाली उतरतो, आधी ब्रेकचा खटका अडकवतो, मग मागं जाऊन रिफ्लेक्टर पुसतो, पाटी पुसतो आणि मगच डांबरीला लागतो. त्या पोराला अजून कधीमधी बाजारात बघतो आम्ही. भाऊ थांबून त्याच्याशी बोलतो, मला अजून ते जमलेलं नाही.