उद्योगाचें शिक्षण आणि घरची संमति

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा हमरस्ता सारोळे गांवाजवळ नीरा नदी ओलांडतो. अलीकडे भोर तालुका, पलीकडे शिरवळचे कारखाने. पदवी घेतलेल्या येथील तरुणापुढें दोन वाटा सहज दिसतात: पुण्याची नोकरी किंवा पुलापलीकडची. स्वतःचा धंदा काढण्याची तिसरी वाट महाविद्यालयांतील शिक्षणानें त्याच्या मनांत उघडते काय?

माणसाचा संकल्प तीन गोष्टींवर उभा असतो, असें मानसशास्त्रज्ञ आइझेक एझेन यांनीं १९९१ सालीं मांडलें: त्या कार्याविषयींची ओढ, आप्तेष्टांची संमति आणि तें आपणांस साधेल हा विश्वास. लंडन व ग्रेनोबल येथील विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची जी पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली, तींत उद्योगशिक्षणानें धंद्याची इच्छा वाढलेली आढळली. आणि ती ज्ञानापेक्षां स्फूर्तीनें अधिक वाढली. उलट, नेदरलंड्समधील २०१० सालच्या पाहणींत विद्यार्थ्यांनीं लहानशी कंपनी प्रत्यक्ष चालविल्यावर त्यांची इच्छा घटली.

ही घट म्हणजे शिक्षणाचा पराभव नव्हे. माल कसा पडून राहतो आणि उधारी कशी थकते, हें वेळींच पाहून जो मागें फिरतो, त्याचें घर कर्जांतून वांचतें. जो टिकतो, त्याचा संकल्प डोळस असतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. यंत्रविद्या त्यांना अवगत होती. परंतु गिऱ्हाइकाचें मन त्यांना बाजारानेंच शिकविलें. लोखंडानें जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें त्यांचे पहिले ४० नांगर खपण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. पुढें १९१० सालीं औंधच्या अधिपतींनीं जागा दिली, तेव्हां किर्लोस्करवाडी उभी राहिली. विद्या, चिकाटी आणि पाठबळ या तिहींचा तो योग होता.

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून तरुणांना या मार्गाचें शिक्षण देत आहे. ओढ आणि विश्वास या गोष्टी अशा वर्गांत वाढवितां येतात. संमति मात्र घरानेंच द्यावयाची असते. ती आंधळी असूं नये. मुलानें हिशेब मांडावा, चार गिऱ्हाइकांना भेटून यावें. वडिलांनीं त्याला ठराविक मुदत आणि बुडाली तरी चूल विझणार नाहीं एवढीच रक्कम द्यावी. मुदतीअखेर त्यानें नोकरी धरली, तरी तें शिक्षण वायां गेलें असें समजूं नये.